कढीतली जिलबी

पंगतीत आधी मीठ वाढावे की आधी पाणी, याबाबत शासनाचे कोणतेही धोरण नाही, हे मुकुंदरावांच्या लक्षात आले तेव्हा ते अतिशय अस्वस्थ झाले. एवढे मोठे काम, पिढ्यानपिढ्या चालत आलेले, आणि त्याला साधी कार्यपद्धती असू नये?

मुकुंदराव म्हणजे मनोहररावांचे थोरले जावई आणि सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कार्यालयाच्या कॉम्प्युटर कक्षाचे प्रणाली अधिकारी. मनोहररावांचे नागपूरच्या महाल भागात भांड्यांचे दुकान. मी त्यांचा शेजारी, आणि मुकुंदरावांच्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक. त्यामुळे या गृहस्थांचे कर्तृत्व मला दोन्ही अंगांनी पाहायला मिळाले, कार्यालयात बसून आणि पंगतीत उपाशीपोटी.

आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला तो चौऱ्याऐंशीच्या सुमारास. नारळ फुटला, कुंकू लागले, आणि यंत्राला उकडू नये म्हणून खोलीला एअरकंडिशनर बसला. चपला बाहेर काढून आत जायचे अशी पाटी होती. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना चपला काढून आत जायला कुणाची ना नव्हती, आणि त्या महिन्यात आमच्या कर्मचाऱ्यांना कॉम्प्युटरविषयी फार जिज्ञासा वाटे.

या यंत्राकडे पहिले काम आले ते बदल्यांचे. खात्यात कोणती जागा कुठे रिकामी आहे ही सगळी माहिती एका टेपवर होती. मुकुंदरावांचा प्रोग्राम एक कर्मचारी घ्यायचा आणि टेपला विचारायचा, याच्यासाठी जागा आहे का? टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरायची, उत्तर द्यायची आणि पुन्हा गुंडाळली जायची. मग दुसरा कर्मचारी. पुन्हा टेप पहिल्यापासून. यंत्राची नुसती ये-जा चालली होती.

“साहेब, सगळ्यांचं एकदमच विचारून घेतलं तर नाही का चालणार?” मी एकदा चपला काढून विचारले.

“मार्तंडराव, त्याने प्रोग्राम घाण होतो,” ते दुखावल्या स्वरात म्हणाले. “ज्याने मागायचे, त्याने फक्त मागावे. वस्तू कुठे ठेवली आहे हे त्याला माहीत असता कामा नये. ज्याने ठेवायचे, त्याने फक्त ठेवावे. ती कोणाला लागते हे त्याला माहीत असता कामा नये. याला म्हणतात स्वच्छ रचना.”

हे तत्त्व मला ओळखीचे वाटले. कॉम्प्युटर नसतानाही आमचे कार्यालय इंग्रजांच्या काळापासून याच तत्त्वावर चालत आले होते.

मे महिन्यात निघायचे बदल्यांचे आदेश त्या वर्षी दिवाळीत निघाले. आमच्या रुपरावांची भंडाऱ्याला बदली झाल्याचा आदेश आला तेव्हा त्यांच्या गळ्यात निवृत्तीच्या निरोप समारंभाचा हार होता. तरी तपासणीला आलेले मुंबईचे साहेब प्रोग्रामचा कागद वाचून गहिवरले. इतके स्वच्छ लिखाण आपण पाहिले नाही म्हणाले. त्यांच्याबरोबरचे दुसरे साहेब मात्र म्हणाले की लिखाण पाहून काय करायचे, काम कधी होणार? दोघेही वरिष्ठ, त्यामुळे दोघेही बरोबर. शेवटी परिपत्रक आले, “स्वच्छता व कार्यक्षमता यांचा समतोल साधावा.” समतोल हा शासनाचा आवडता शब्द आहे. दोन साहेबांचे भांडण तिसऱ्याच्या डोक्यावर टाकायचे असले की तो वापरतात.

तर हा समतोल कुठे साधून दाखवावा, या विवंचनेत मुकुंदराव असतानाच त्यांच्या मेहुणीचे, प्रेमिलाचे, लग्न ठरले.

स्थळ आर्वीकडचे. मुलगा बँकेत, स्वभावाने गरीब. घरात सासूचा त्रास नाही, दिराचा नाही. फक्त मुलाचे मोठे काका होते, चंपतराव. रुसण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नव्हता. एका लग्नात पापड फुटका आला म्हणून ते भरल्या पानावरून उठले होते. दुसऱ्या एका लग्नात पापड अख्खा आला, पण उशिरा आला. आणि चंपतराव उठले की सगळे वऱ्हाड उठायचे, कारण घरातला मोठा माणूस उपाशी आणि आपण जेवतो आहोत असे कसे दिसेल? तिकडच्या दोन सुना अजून “तुझ्या बापाच्या घरचा पापड” एवढे ऐकले की माजघरात निघून जात.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मनोहरराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. दुकानात चार माणसांना ऐकू जाईल असा बोलणारा माणूस, पण त्या दिवशी आवाज निघत नव्हता.

“मार्तंडभाऊ, मले दुसरं काही नाही पाह्यजे. पोरीले तिथं जन्म काढायचा आहे. ते म्हातारं ढेकर देऊन उठलं पाह्यजे, बस.”

“देईल ना जी. जिलबीवर जीव आहे म्हणतात त्यांचा. भैय्याजी आचाऱ्याच्या हातची जिलबी खाल्ली की कोण रुसते?”

“पंगत तुमीच सांभाळा, दरवेळेसारखी.”

मी सांभाळणारच होतो. महालातल्या लग्नांत वरणाची बादली कित्येक वर्षे माझ्याकडे असे. पंगतीत बादली घेऊन रांगेने जायचे, पळी मारत सुटायचे. त्यात माझा हात बसला होता. ओळखीच्या माणसाला खालून ढवळून घट्ट वरण आणि अनोळखी माणसाला वरचे पातळ, एवढा भेद मी करत असे. पण तो भेद चालता चालता होई, त्यासाठी वेगळी फेरी लागत नसे.

मुकुंदरावांनी हे सगळे शेजारच्या दारात उभे राहून ऐकले आणि सासऱ्यांना शांतपणे सांगितले, “पंगत मी बघतो.”

जावयाला नाही म्हणायचे नसते, आणि सरकारी अधिकाऱ्याला नाही म्हणता येत नसते. इथे दोघेही एकाच सफारी सूटमध्ये होते. मनोहरराव म्हणाले, “तुमी म्हणाल तसं, जावईबापू.” त्यांच्या थोरल्या मुलीने, शामलाने, तेवढ्यात कपाळावर हात मारून घेतला. तिला नवऱ्याची स्वच्छ रचना घरात माहीत झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगल कार्यालयात लग्न लागले. मे महिन्याचे ऊन असे की मांडवाचे खांब हात लावू देईनात. एका कोपऱ्यात वाळ्याचा कूलर घरघरत होता. बसायच्या पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या, नवरा-नवरीच्या पानांभोवती रांगोळी निघाली, आणि त्यांच्या शेजारच्या मानाच्या पाटावर चंपतराव येऊन बसले. पांढरेशुभ्र धोतर, टोपी, आणि चेहरा असा की अजून काही घडले नाही, पण घडेल अशी खात्री आहे.

मुकुंदरावांनी आम्हा वाढप्यांना मांडवामागे गोळा केले.

“आजवरची पद्धत अशास्त्रीय होती,” ते म्हणाले. “वाढपी बादली घेऊन पंगतीत शिरतो आणि ज्याला पाहिजे त्याला, ज्याला नको त्याला, सरसकट ओततो. स्वयंपाकाच्या कोठीतली वस्तू थेट पंगतीत जाते. धोतरावर थेंब पडतात. यापुढे बादली पंगतीत येणार नाही. वाढप्याने रिकाम्या हाताने पानासमोर जावे, काय हवे ते विचारावे, कोठीवर मागणी करावी, तेवढीच वस्तू आणावी आणि त्या पानावर ठेवावी. मग पुढचे पान.”

“प्रत्येक पानाले येगळी चक्कर?” कुणीतरी विचारले.

“प्रत्येक पानाची प्रत्येक वस्तू वेगळी. त्यातच स्वच्छता आहे.”

कोठीच्या दारात एक टेबल टाकून त्यांनी शोभाताईंना बसवले. शोभाताई म्हणजे मनोहररावांची मावसबहीण. वाढप्याने आत डोकवायचे नाही, आतल्या भैय्याजी आचाऱ्याने बाहेर डोकवायचे नाही, सगळा व्यवहार शोभाताईंमार्फत व्हायचा. आत काय शिजले आहे आणि बाहेर कोण बसले आहे यातले काहीही ठाऊक नसणे, ही त्यांची पात्रता होती.

माझी बादली काढून घेतली. मी रिकाम्या हाताने पहिल्या पानासमोर वाकलो.

“काय पाहिजे?”

पाहुणा चमकला. “मीठ वाढा ना आधी, मंग पाहू.”

मी कोठीवर गेलो. शोभाताईंना म्हणालो, मीठ. त्यांनी आत पुकारले, मीठ! आतून चिमूटभर मीठ आले, ते मी तळहातावर घेऊन पानापर्यंत आणले, डाव्या बाजूला ठेवले, आणि दुसऱ्या पानासमोर वाकलो.

“काय पाहिजे?”

“मीठच,” तो म्हणाला.

मी परत निघालो. माझ्यासारखे सगळे वाढपी चिमूटभर मीठ घेऊन मांडवातून ये-जा करत होते. येता-जाता एकमेकांना धडकत होते. धडक झाली की मीठ सांडे, मग मागणी नव्याने करावी लागे. टेपसुद्धा बिचारी कधी टेपवर आदळली नव्हती.

आता एक अडचण अशी की आपल्याकडे सगळी पाने वाढून झाल्याशिवाय आणि भातावर तूप पडल्याशिवाय पंगत सुरू होत नाही. ‘हर हर महादेव’चा पुकारा झाल्याशिवाय सभ्य माणूस पानाला हात लावत नाही. मीठ शेवटच्या पानापर्यंत पोचले तेव्हा पहिल्या पानावरचे मीठ उकाड्याने पाणी होऊन पत्रावळीच्या टाक्यातून खाली गेले होते. म्हणजे पहिले पान पुन्हा अपूर्ण. म्हणजे मीठ पुन्हा पहिल्यापासून.

“काहून जी,” चंपतरावांचा आवाज आला. “आर्वीहून आमी मीठ चाटाले आलो का?”

मनोहरराव हात जोडून धावले. “येऊन राह्यलं जी, येऊन राह्यलं. जरासा दम धरा.”

“दमच धरून राह्यलो. धराले दुसरं काय हाय पानात?” आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. जाणकारांना खूण पटली. टोपी काढणे ही पहिली पायरी होती. पुढची पायरी ती पुन्हा डोक्यावर घालून उठण्याची.

मनोहररावांनी जावयाला बाजूला घेतले. “बापू, बादली द्या पंगतीत. पाया पडतो.”

“घाबरू नका. हा कार्यक्षमतेचा प्रश्न आहे,” मुकुंदराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. परिपत्रकातली दुसरी बाजू आता हाताला लागली होती. “फेऱ्या जास्त होत आहेत. फेऱ्या कमी करायच्या. सगळे एकाच फेरीत मागवायचे.”

“हे मात्र बरोबर,” मी म्हणालो, आणि माझी बादली शोधू लागलो.

बादली मिळाली. पण त्यांनी ती कोठीवर नेऊन शोभाताईंना सांगितले, “या रांगेसाठी वरण, भात, भाजी, पुरी, कढी, जिलबी. सर्व एकत्र जोडून द्या.”

“एकत्र म्हंजे?” शोभाताईंनी विचारले.

“एका बादलीत. वस्तू तितक्या बादल्या केल्या तर फेऱ्या पुन्हा तितक्याच.”

आतून भैय्याजी आचारी नियम मोडून बाहेर आला. त्याच्या हातात झारा होता आणि झाऱ्यावर नुकती पाकातून काढलेली जिलबी होती. “साहेब, कढीत जिलबी घालू?”

“घाला. वेगळे करणे हे पानावरचे काम आहे. कोठीचे काम फक्त पाठवणे.”

भैय्याजीने डोळे मिटले आणि झारा बादलीत उपडा केला.

मग मी ती बादली घेऊन निघालो. वरणाच्या बादलीचा माझा इतक्या वर्षांचा लौकिक, आणि आता त्याच बादलीत भातावर भाजी, भाजीवर कढी, आणि कढीत जिलब्या तरंगत होत्या. मला रडू येत होते. मी चंपतरावांच्या पानासमोर उभा राहिलो, पळी आत घातली आणि देवाचे नाव घेऊन उपसली. पानात थप्प झाले. मधोमध जिलबी होती आणि तिच्या वेटोळ्यांतून पिवळी कढी वाहत होती. वर एक मोहरीचा दाणा होता.

चंपतरावांनी जिलबी दोन बोटांनी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि परत ठेवली. एवढा मोठा रुसणारा माणूस, पण त्या क्षणी त्यांना रुसणेसुद्धा सुचले नाही. “अरे बाप्पा,” एवढेच ते म्हणाले, आणि ते इतक्या कळवळून म्हणाले की मला त्यांची दया आली.

सगळ्या पत्रावळी उचलून नव्या मांडाव्या लागल्या. त्या गडबडीत पाहुणे उठले, पाय मोकळे करू लागले, आणि हळूहळू सगळे कूलरकडे सरकले. चंपतरावही टोपी हातात घेऊन, मानाचा पाट सोडून कूलरसमोर पट्टीवर जाऊन बसले. मानाची जागा रांगोळीजवळ होती खरी, पण तिथे वाऱ्याची झुळूक नव्हती, आणि नागपुरात त्या महिन्यात मानापेक्षा वारा मोठा.

इकडे मुकुंदरावांना समतोल सापडला. त्यांनी मांडवातल्या प्रत्येक जागेसमोर खडूने नंबर घातला. फक्त नवरा-नवरीच्या पानांभोवती रांगोळी असल्याने तिथे खडू चालला नाही, आणि ती दोन पाने बिननंबरी राहिली. कोठीत प्रत्येक नंबराचे पान आतच पूर्ण वाढून तयार करायचे, जिलबी द्रोणात वेगळी ठेवायची आणि तयार पान एका फेरीत त्या नंबरासमोर नेऊन ठेवायचे. खरे सांगायचे तर ही युक्ती मला पटली. इतकी पटली की काहीतरी चुकणार अशी शंका आली.

“आणि लक्षात ठेवा,” मुकुंदराव म्हणाले, “पान नंबराला जाईल. तोंड पाहून वाढण्याची जुनी, घाणेरडी सवय बंद.” हे ते माझ्याकडे पाहून म्हणाले.

पाने निघाली. काय पाने होती ती! वाफाळलेला भात, वर वरण, बाजूला वांग्याची भाजी, टम्म फुगलेल्या पुऱ्या आणि द्रोणात कुरकुरीत जिलब्या. एकेक पान आम्ही दोन्ही हातांनी अलगद नेले आणि नंबर पाहून ठेवले. पण नंबरासमोर माणसे नव्हती. माणसे कूलरसमोर दाटीवाटीने बसून आपल्या रिकाम्या जागांसमोर पाने लागताना पाहत होती.

मी मानाच्या पाटासमोर चंपतरावांचे पान ठेवले आणि घुटमळलो.

“आग्रह करा,” मुकुंदराव मागून म्हणाले. “मानाच्या पानाला आग्रह ठरला आहे.”

“पण साहेब, पाटावर कोणी नाही.”

“ते पाहणे तुमचे काम नाही.”

मी रिकाम्या पाटापुढे वाकलो आणि म्हणालो, “घ्या ना चंपतराव, एक जिलबी आमच्यासाठी.” पाट काही बोलला नाही. मी आग्रहाच्या परातीतून एक जिलबी आणखी ठेवली. पाटाने नको म्हटले नाही, म्हणून अजून एक ठेवली.

“मी इथं हाय ना बे!” कूलरसमोरून खरे चंपतराव गरजले.

“मग इकडे या ना काका,” मुकुंदराव नम्रपणे म्हणाले. “आपले पान इथे आहे.”

“मी काहून येऊ? पान लग्नघरचं, मी पाहुणा. पान माह्याकडं येईन.”

“पान नंबर सोडून हलवता येत नाही. सगळी रचना बिघडेल.”

“मंग मी उपाशी राहू?”

मुकुंदरावांनी हातातल्या कागदावर खूण पाहिली. “आपण उपाशी नाही. आपल्या नंबरावर संपूर्ण भोजन आणि वर दोन जिलब्या आग्रहाच्या, असे वाढून झाले आहे. आमच्याकडे आपले जेवण पूर्ण झाले आहे.”

असे वाक्य आर्वीत कधी कोणी ऐकले नसावे. चंपतरावांनी मांडीवरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

त्यांच्यामागे सगळे वऱ्हाड उठले. मांडवात कूलरची घरघर तेवढी राहिली. नवरदेव अर्धवट उठून तसाच वाकून उभा राहिला, काकांमागे जावे की बायकोजवळ बसावे हे त्याला कळेना. मनोहररावांनी पागोटे काढून हातात घेतले. ते पागोटे कुणाच्या पायावर ठेवायचे हे त्यांना ठरवता येत नव्हते, कारण एकीकडे व्याही होते आणि दुसरीकडे जावई. मला त्या वेळी मुकुंदरावांचा असा राग आला की हातातली जिलबी त्यांच्या स्वच्छ सफारीवर मारावी. नोकरीचा विचार करून मी ती परातीत ठेवली.

आणि तेवढ्यात प्रेमिला उठली.

नवरी मुलगी, सकाळपासून उपाशी, मुंडावळ्या अजून कपाळावर. तिने आपली रिकामी पत्रावळ उचलली, रांगोळी ओलांडली आणि सरळ कोठीकडे चालू लागली.

“कुठं चालली वं?” शामला ओरडली.

“मले भूक लागली ताई,” प्रेमिला म्हणाली. ती थांबली नाही. “जन्मभर टोमणे ऐकाचेच आहेत त निदान जेवून ऐकते.”

शोभाताईंनी टेबलावरून विचारले, “मागणी काय?” प्रेमिलाने टेबल बाजूला सरकवले. आत जाऊन तिने स्वतःच्या हाताने गंजाचे झाकण काढून भात घेतला, वरण घेतले, कढईशेजारी उभी राहून गरम जिलबी घेतली आणि तिथेच, उभ्या उभ्या, पहिला घास खाल्ला. मांडवातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. नवरीने उभ्याने खाल्ल्याचे कुणाच्या आजीनेही पाहिले नव्हते. नवरदेवाचा निर्णय झाला. तो पत्रावळ घेऊन तिच्यामागे गेला.

चंपतराव दारापर्यंत पोचले होते. त्यांनी वळून पाहिले. भैय्याजीच्या झाऱ्यावरून सोनेरी जिलबी पाकात पडत होती, आणि नवी सून ती निवडून निवडून घेत होती.

“सून हातानं घेते,” ते सावकाश म्हणाले, “त मी काहून नाही?”

चपला त्यांनी तिथेच सोडल्या. मग काय विचारता! अख्खे वऱ्हाड कोऱ्या पत्रावळी घेऊन कोठीत घुसले. कुणाचा कोपर कुणाच्या वरणात, कुणाचे धोतर कुणाच्या पायाखाली. ज्याच्या कोपरात जोर त्याला पुरी मिळाली, ज्याच्यात नव्हता त्याला मीठ. म्हाताऱ्या माणसांना कोठीपर्यंत पोचताच आले नाही, ती आपापल्या नंबरासमोर, धावपळीत तुडवल्या गेलेल्या पानांपुढे, शहाण्यासारखी बसून राहिली. चंपतरावांनी कढईला पाठ लावून आठ-दहा जिलब्या उभ्याने संपवल्या आणि असा ढेकर दिला की मनोहरराव तिथेच भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले. जाताना म्हातारा म्हणाला, “येवस्था चांगली होती. कोनी आग्रह करून सतावलं नाही.”

प्रेमिलाला पुढे कधी टोमणा ऐकावा लागला नाही. त्या पंगतीचा अनुभव मात्र मुकुंदरावांनी वाया जाऊ दिला नाही.

त्यांनी मुंबईला अहवाल पाठवला. मागणारा आणि ठेवणारा यांच्यामधला वाढपी काढून टाकला आणि मागणाऱ्यालाच आत सोडले की रचना स्वच्छ राहते आणि फेऱ्याही शून्य होतात, असा समतोल प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध झाला आहे, असे त्यात होते. वाढप्याचे सगळे कष्ट पाहुण्याच्या अंगावर गेले, हे कुठेच मोजले जात नाही, म्हणून अहवालात आले नाही. पुढच्या वर्षी रिकाम्या जागांचा लांबलचक कागद कार्यालयाच्या व्हरांड्यात लटकवला आणि ज्याने त्याने आपली बदली आपणच शोधावी असा आदेश निघाला. ज्यांच्या कोपरात जोर होता त्यांना नागपूर मिळाले. मुकुंदराव पदोन्नतीवर मुंबईला गेले, आणि मी गडचिरोलीला.

माझी वरणाची बादली आता माळ्यावर आहे. मला लग्नाची बोलावणी येतात ती नुसती जेवायला. परवा मनीषनगरकडच्या एका लॉनवर गेलो. फाटकावर रोषणाईत लिहिले होते, ‘स्वरुची भोजन’. तिथे तुम्ही दिसलात. हो, तुम्हीच. आहेराचे पाकीट आधी देऊन, चांगले कपडे घालून, हातात ताटली घेऊन तुम्ही रांगेत उभे होता. कुणी बसा म्हटले नाही, कुणी काय पाहिजे विचारले नाही. पुन्हा रांगेत यावे लागू नये म्हणून तुम्ही एकाच फेरीत सगळे घेतलेत, भातावर भाजी, भाजीवर पुरी, आणि कढी वाहत वाहत जिलबीपर्यंत गेली. ती तुम्ही बोटाने पुसलीत आणि खाल्लीत. मग यजमानांचा हात हातात घेऊन म्हणालात, “व्यवस्था फार छान आहे हो.”

चंपतरावांसमोर तशी जिलबी मी वाढली होती, तर त्यांनी ती न खाता परत ठेवली आणि पुढे टोपी घालून सगळा मांडव उठवला. तुम्ही ती आपल्या हाताने वाढून घेतलीत. आता उठून जायचे म्हटले तरी तुम्ही बसलेलेच कुठे होता?